दातांना तारा कधी लावायच्या, हे जबड्याची वाढ ठरवते

नऊ वर्षांची दोन मुलं. दोघांचेही दात वाकडे. एकाच्या आईवडिलांना ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे वाकडे दात सरळ करणारे दंततज्ज्ञ, सांगतात, "आत्ताच सुरू करू, थांबू नका." दुसऱ्याच्या आईवडिलांना तेच डॉक्टर म्हणतात, "तीन वर्षांनी या." हे पालक बाहेर भेटून बोलले तर दोघांच्याही मनात डॉक्टरांबद्दल शंका येणार. त्यात मोबाइलवर रोज नवे व्हिडिओ: सातव्या वर्षी प्लेट लावली नाही तर चेहरा बिघडतो, जीभ टाळूला लावून ठेवली की विशीतही जबडा रुंद होतो, तारांची गरजच नाही.

दोन्ही मुलांना दिलेला सल्ला बरोबर असू शकतो. वाकडे दात वरून सारखेच दिसतात, पण बिघाड दोन वेगळ्या ठिकाणी असू शकतो. कधी फक्त दात आपल्या जागेवरून सरकलेले असतात. कधी दात ज्या हाडात उभे आहेत ते हाडच, म्हणजे जबडा, अरुंद किंवा मागेपुढे असतो. दात कोणत्याही वयात हलवता येतात. हाडाच्या वाढीला वळण द्यायचं असेल तर ते वाढ चालू असेपर्यंतच देता येतं. आणि जबड्याची वाढ सगळ्या दिशांनी एकाच वेळी थांबत नाही. उपचाराच्या वेळेबद्दलचा बहुतेक गोंधळ या शेवटच्या गोष्टीमुळे होतो, म्हणून आधी तीच पाहू.

## चेहरा वरून खाली वाढत जातो

नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या साधारण एक चतुर्थांश असतं. मोठ्या माणसात ते एक अष्टमांशाच्या आसपास येतं. मेंदूची वाढ फार लवकर उरकते. सहा-सात वर्षांपर्यंत ती ९० टक्क्यांच्या पुढे गेलेली असते, आणि कवटीही त्याच्याबरोबर वाढून घेते. वरचा जबडा कवटीच्या तळाला जोडलेला असल्यामुळे त्याची वाढही तुलनेनं लवकर आटोपते. खालचा जबडा कानांपुढच्या दोन सांध्यांवर टांगलेला असतो. त्याची वाढ उंचीच्या वाढीशी जास्त जुळते. ज्या वर्षी पोरगं झपाट्यानं उंच होतं, त्याच सुमारास त्याचा खालचा जबडाही झपाट्यानं पुढे येतो.

म्हणून पाच-सहा वर्षांच्या मुलाची हनुवटी जरा मागे दिसते आणि बहुतेक वेळा त्यात काळजीचं काही नसतं. तिची वेळ अजून यायची असते.

दिशांचाही क्रम ठरलेला आहे. जबड्याची रुंदी सगळ्यात आधी पूर्ण होते, बरीचशी वयात येण्यापूर्वीच. त्यानंतर पुढे-मागे होणारी वाढ थांबते. चेहऱ्याची उंची सर्वांत शेवटी, विशीच्या आसपासपर्यंत, थोडी थोडी वाढत राहते. हा क्रम लक्षात ठेवला तर डॉक्टर अरुंद टाळूबद्दल घाई का करतात आणि लांब चेहऱ्याबद्दल थांबा का म्हणतात, हे कळायला सोपं जातं.

इथे एक समजूत दुरुस्त करायला हवी, कारण तिच्यापायी खूप पालक वाट बघत बसतात: "जबडा मोठा झाला की पुढच्या दातांना आपोआप जागा होईल." खालचा जबडा लांब होतो तो मागच्या बाजूनं. जबड्याचा जो भाग कानाकडे वर जातो, त्याच्या मागच्या कडेवर नवं हाड साचत जातं आणि पुढची कड विरघळत जाते. त्या मोकळ्या झालेल्या जागेत दाढा येतात. अठराव्या शतकात जॉन हंटर या शल्यचिकित्सकानं डुकरांवर हे पाहिलं होतं. त्यांच्या खाण्यात मंजिष्ठेच्या जातीच्या वनस्पतीची मुळं घातली की नव्यानं साचलेलं हाड लाल दिसतं. पुढे १९५० च्या दशकात डेन्मार्कच्या आर्ने ब्यॉर्क यांनी मुलांच्या जबड्यांत धातूच्या अगदी बारीक खुणा बसवल्या आणि वर्षानुवर्षं एक्स-रे काढून माणसाचा जबडा वाढताना कसा फिरतो, कुठे साचतो, कुठे झिजतो हे दाखवलं. पुढच्या बाजूला, दोन सुळ्यांच्या मधली रुंदी, पक्के सुळे आल्यानंतर वाढत नाही म्हटलं तरी चालेल. तेव्हा नवव्या वर्षी खालचे पटाशीचे दात एकमेकांवर बरेच चढलेले असतील, तर पंधराव्या वर्षी नुसत्या वाढीनं ते सुटे होणार नाहीत.

## टाळूतली शिवण

वरचा जबडा दोन अर्ध्या भागांचा असतो. दोघांच्या मधोमध, टाळूच्या मध्यरेषेवर, एक सांधा असतो. हाडांच्या अशा सांध्याला शिवण म्हणतात. लहानपणी तिच्या दोन्ही कडा जवळजवळ सरळ असतात आणि मध्ये मऊ ऊतक असतं. वय वाढतं तसे कडांना कंगोरे फुटतात आणि ते एकमेकांत अडकत जातात. दोन हातांचे तळवे नुसते कडेला कड लावून ठेवले तर सहज वेगळे होतात. बोटं एकमेकांत गुंतवली की ओढावे लागतात. शेवटी काही ठिकाणी हाड जुळूनच जातं.

वरचा जबडा अरुंद असेल तर वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसतात. याला क्रॉसबाइट म्हणतात. एकाच बाजूचा क्रॉसबाइट असलेली बरीच मुलं दात नीट भिडावेत म्हणून चावताना खालचा जबडा बाजूला सरकवतात. वर्षानुवर्षं तसं चावत राहिलं तर वाढही त्या बाजूला झुकते आणि हनुवटी मध्यापासून ढळते. पहिल्या परिच्छेदातल्या "आत्ताच सुरू करू" या मुलाची अडचण बहुधा अशी काहीतरी असणार.

उपाय म्हणजे एक्स्पांडर: वरच्या दाढांना पकडून टाळूच्या खाली बसवलेली चौकट, मध्ये एक स्क्रू. घरी आई किंवा वडील एका बारीक किल्लीनं तो स्क्रू पाव फेरा फिरवतात. एका वेळी पाव मिलिमीटरच्या आसपास. मुलाला नाकाच्या मुळाशी, टाळूत दाब जाणवतो, काही मिनिटांत ओसरतो. आठवडाभरात वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये फट दिसायला लागते आणि ज्यांना आधी सांगितलेलं नसतं ते पालक घाबरून फोन करतात. ती फट म्हणजे शिवण उघडल्याची खूण. हिरडीतले ताणलेले तंतू पुढच्या काही आठवड्यांत ते दात पुन्हा जवळ ओढून घेतात. रुंदी मिळाली की स्क्रू फिरवणं थांबतं, पण चौकट तशीच काही महिने ठेवावी लागते, कारण उघडलेल्या शिवणीत नवं हाड भरायला तेवढा वेळ लागतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या इमर्सन एंजेल यांनी १८६० मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलीची टाळू अशा स्क्रूनं रुंद केल्याचं लिहिलं, आणि त्यांच्यावर पुष्कळांनी विश्वास ठेवला नव्हता.

आठ-दहा वर्षांच्या वयात हे काम हलक्या बळानं होतं. पंधरा-सोळा वर्षांनंतर त्याचा भरवसा कमी होत जातो. जोर दाढांवर येतो, हाड जागचं हलत नाही आणि दाढा बाहेर कलंडतात. तेव्हा टाळूच्या हाडात छोटे स्क्रू रोवून किंवा शस्त्रक्रियेनं शिवण सैल करून रुंदी मिळवावी लागते. शिवण कोणत्या वयात घट्ट होते यात माणसामाणसांत खूप फरक असतो, म्हणून मोठ्या मुलांत काही वेळा त्रिमितीय स्कॅन काढून आधी शिवणीची अवस्था बघतात.

जीभ टाळूला लावून जबडा रुंद करण्याच्या, म्युइंग नावाच्या त्या व्हिडिओंबद्दल मला काय वाटतं, हेही इथेच सांगते. मोठ्या माणसाची गुंतलेली शिवण जिभेच्या दाबानं उघडते याचा भक्कम पुरावा नाही. ज्या वयात शिवण सैल असते, त्या वयातल्या मुलाचा क्रॉसबाइट घेऊन घरी असे प्रयोग करत बसणं म्हणजे हातातली वेळ घालवणं आहे.

## खालचा जबडा मागे असेल तर

वरचे दात पुढे आणि हनुवटी मागे ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. नऊ वर्षांच्या दुसऱ्या मुलाला "तीन वर्षांनी या" असं सांगितलं गेलं ते बहुधा यासाठी.

इथे वापरतात त्या साधनांना फंक्शनल अप्लायन्स म्हणतात. ट्विन ब्लॉक हे त्यातलं एक. वर एक प्लेट, खाली एक प्लेट, दोन्हींवर उतरते ठोकळे. तोंड मिटलं की खालचा जबडा पुढेच घ्यावा लागतो. दिवसरात्र, नऊ महिने ते वर्षभर. जबडा पुढे धरल्यावर सांध्याजवळची वाढ त्याला साथ देते, आणि दातही थोडे सरकतात. खरं सांगायचं तर यातला मोठा वाटा दात सरकण्याचा असतो. जबड्याची जादा वाढ सरासरीनं फार थोडी मिळते. ती थोडीही मिळवायची, तर जबडा आपणहून वेगानं वाढत असतानाच हात घालावा. ती वेळ म्हणजे वयात येतानाचा वाढीचा झपाटा: मुलींमध्ये साधारण अकरा-बारा, मुलांमध्ये तेरा-चौदा.

"पण लवकर सुरू केलं तर जास्त फायदा नाही का?" हा प्रश्न इतका महत्त्वाचा होता की अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये त्यावर मोठ्या चाचण्या झाल्या. काही मुलांवर आठ-नऊच्या वयात साधनं वापरून नंतर पुन्हा तारा लावल्या, काहींवर एकदाच, किशोरवयात उपचार केले. शेवटी दोन्ही गट जवळजवळ सारख्याच ठिकाणी पोचले. जबड्यांचं नातं तेवढंच सुधारलं, दातांची ठेवण तेवढीच. लवकर सुरू केलेल्यांचा एकूण उपचार मात्र जास्त काळ चालला.

फरक पडला तो एकाच बाबतीत: लवकर उपचार झालेल्या मुलांचे पुढचे दात पडझडीत कमी मोडले. म्हणून वरचे दात खूप पुढे आहेत, ओठ त्यांच्यावर मिटत नाहीत, पोरगं सतत धडपडतं, किंवा वर्गात चिडवल्यामुळे ते हसायचं बंद झालंय, अशा वेळी थांबू नये. ही कारणं मी दुय्यम मानत नाही. दहाव्या वर्षी तुटलेला पक्का दात आयुष्यभर सांभाळावा लागतो, आणि तोंडावर हात धरून हसणाऱ्या मुलाला "तीन वर्षं थांब" म्हणणं सोपं नाही.

## झपाटा आलाय हे कळतं कसं?

वाढदिवसाच्या तारखेवरून कळत नाही. बारा वर्षांच्या दोन मुलींपैकी एकीची वाढ संपत आलेली असते, दुसरीची सुरू व्हायची असते. दातांवरूनही नीट कळत नाही. कुणाचे पक्के दात लवकर येतात पण हाडं मागे असतात. हाडांचं वय वेगळं मोजावं लागतं.

त्यासाठी डॉक्टर बाजूनं काढलेला डोक्याचा एक्स-रे पाहतात. ठरावीक अंतर आणि डोक्याची ठरावीक स्थिती ठेवून असा एक्स-रे काढण्याची पद्धत १९३१ मध्ये अमेरिका आणि जर्मनीत एकाच वर्षी मांडली गेली. जबड्यांची मापं त्यावरून काढतातच, शिवाय मानेचे वरचे मणकेही त्यात दिसतात. लहान मुलात दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मणक्याची खालची कड सपाट असते. झपाटा जवळ आला की आधी दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या खालच्या कडेला खळगा पडतो. चौथ्यालाही खळगा दिसू लागेपर्यंत खालच्या जबड्याचा वेगवान काळ साधारणपणे चालू झालेला किंवा नुकताच उलटलेला असतो. पुढे मणके चौकोनी होतात, मग उभट होतात, आणि तोवर झपाटा मागे पडलेला असतो.

ही पद्धत अचूक घडी सांगत नाही; दोन डॉक्टर एकच एक्स-रे पाहून एखाद्या पायरीनं वेगळं मत देऊ शकतात. म्हणून चांगला डॉक्टर घरच्यांनाही विचारतो: गेल्या वर्षात उंची किती वाढली, बूट किती वेळा बदलले, आवाज फुटला का. मुलीची पाळी सुरू झाली आहे का, हा प्रश्न विचारला तर संकोचू नका. पाळी सामान्यतः उंचीच्या सर्वांत वेगवान काळानंतर येते, म्हणजे त्या एका उत्तरावरून बरंच कळतं. घरात भिंतीवर किंवा वहीत मुलांच्या उंचीची नोंद ठेवली असेल तर ती घेऊन जा.

## खालचा जबडा पुढे असेल तर

इथे हिशेब उलटा होतो. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे येतात, गालांखालचा भाग बसका दिसतो. अशा मुलांपैकी बऱ्याच जणांत वरचा जबडाच मागे राहिलेला असतो. आणि वरचा जबडा चेहऱ्याच्या इतर हाडांना ज्या शिवणींनी जोडलेला असतो, त्या लहान वयातच ओढीला साथ देतात. म्हणून कपाळावर आणि हनुवटीवर टेकणारा फेसमास्क आठ-दहा वर्षांच्या आत वापरायचा. मुखवट्याला लावलेले रबर वरच्या जबड्याला पुढे ओढतात. तो रोज बारा-चौदा तास, बहुतेक घरी आणि झोपेत घालायचा असतो. ब्रिटनमध्ये सात ते नऊ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका चाचणीत सहा वर्षांनी तपासलं, तेव्हा फेसमास्क वापरलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना पुढे शस्त्रक्रिया लागेल असं डॉक्टरांना वाटलं. न वापरलेल्यांत हे प्रमाण दोन तृतीयांश होतं.

मात्र पालकांना सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खालच्या जबड्याची वाढ रोखून धरणारं भरवशाचं साधन नाही. दहाव्या वर्षी जुळून आलेले दात पंधराव्या वर्षी, झपाट्यानंतर, पुन्हा उलटे होऊ शकतात. तसं झालं तर तो पालकांचा हलगर्जीपणा नसतो. घरात आई-वडील, आजी-आजोबा यांच्यापैकी कुणाचा खालचा जबडा पुढे असेल तर ते डॉक्टरांना जरूर सांगा, कारण या ठेवणीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो.

## "दुधाचे दात तर पडणारच आहेत"

पडणार आहेत, पण त्यांची जागा राखून. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या पक्क्या उपदाढांपेक्षा रुंद असतात. त्या वेळेवर पडल्या तर खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला सुमारे दोन-अडीच मिलिमीटर जागा शिल्लक राहते, वर थोडी कमी. पुढच्या दातांची सौम्य दाटी तेवढ्यात मिटू शकते, म्हणून शेवटची दुधाची दाढ पडायच्या आधी तपासणी व्हायला हवी. कीड लागून ती दाढ दोन-तीन वर्षं आधी काढावी लागली, की मागची पक्की दाढ पुढे सरकून ती जागा खाते. मग जागा राखणारी छोटी तार बसवतात.

अंगठा चोखण्याची सवय पुढचे पक्के दात यायच्या आत, म्हणजे साधारण सहाव्या वर्षापर्यंत, सुटली तर पडलेला फरक बऱ्याचदा आपोआप भरून येतो.

आणि वरचे सुळे. ते सगळ्यात लांबचा प्रवास करून येतात. नऊ-दहा वर्षांच्या वयात त्यांचा फुगवटा वरच्या हिरडीत, बाहेरच्या बाजूनं, बोटाला लागायला हवा. लागत नसेल तर सुळा टाळूकडे वळलेला असू शकतो. स्वीडनमधल्या एका अभ्यासात अशा मुलांचे दुधाचे सुळे दहा ते तेरा वर्षांच्या वयात काढले, तेव्हा दर चारांतले तीन पक्के सुळे आपणहून वळणावर आले. हीच गोष्ट पंधराव्या वर्षी लक्षात आली तर हिरडी उघडून सुळ्याला साखळी लावून ओढावं लागतं.

## मग सगळ्यांनाच सातव्या वर्षी का नाही?

सातव्या वर्षी तपासणी सगळ्यांची करावी, असं अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सुचवते. कारण त्या सुमाराला पहिल्या पक्क्या दाढा आणि काही पुढचे दात आलेले असतात, आणि क्रॉसबाइट, मागे-पुढे जबडा, न उगवलेले दात यांचा अंदाज घेता येतो. उपचार त्याच वर्षी सुरू करायला हवा असा त्याचा अर्थ नाही. बहुतेक मुलांना "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा" एवढंच ऐकून परत यायचं असतं.

आठ-नऊ वर्षांच्या वयात वरच्या पुढच्या दातांमध्ये फट असते, ते पंख्यासारखे बाहेर पसरतात. आईवडील हवालदिल होतात. सुळे उतरताना शेजारच्या दातांच्या मुळांवर दाबतात, म्हणून दात तसे दिसतात. सुळे खाली आले की फट बऱ्याचदा मिटते. त्या वयात तारा लावून ते दात घाईनं जवळ ओढले तर मुळांना इजा होण्याची भीती असते.

शिवाय मुलाची सहनशक्ती काही अमर्याद नसते. आठव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत तोंडात सतत काहीतरी असलं तर घासणं ढिलं पडतं, दातांवर पांढरे डाग येतात, आणि खऱ्या गरजेच्या वेळी मूल कंटाळलेलं असतं. "लवकर" हा शब्द ऐकला की पालकांनी एकच विचारावं: आत्ता केलं तर असं काय मिळेल जे तीन वर्षांनी मिळणार नाही? रुंदी, क्रॉसबाइट, मागे राहिलेला वरचा जबडा, मोडण्याच्या बेतातले पुढचे दात, भरकटलेला सुळा, यांपैकी काही उत्तर आलं तर सुरू करा. नुसते वाकडे दात असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा थांबता येतं.

## वाढ संपून गेली असेल तर

दात हलतात ते मुळाभोवतालच्या पातळ ऊतकामुळे. एका बाजूला दाब आला की तिथलं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं तयार होतं. ही क्रिया आयुष्यभर चालते. हिरड्या आणि हाड निरोगी असतील तर चाळिशीत, पन्नाशीतही तारा लावता येतात. जबड्यांतला मोठा फरक मात्र तेव्हा फक्त दातांची ठेवण बदलून झाकता येतो, किंवा शस्त्रक्रियेनं दुरुस्त करता येतो.

ही शस्त्रक्रिया वाढ पूर्ण थांबल्यावरच करतात, खालचा जबडा पुढे असेल तर विशेषच. सहा महिने ते वर्षाच्या अंतरानं काढलेले दोन एक्स-रे एकमेकांवर ठेवून फरक दिसत नाही ना, हे आधी तपासतात. मुलींना त्यासाठी साधारण सोळा-सतरापर्यंत, मुलांना अठरा ते एकवीसपर्यंत थांबावं लागतं. बारावीतल्या मुलाला ही दोन-तीन वर्षं फार जड जातात, पण घाई केली तर उरलेली वाढ केलेलं काम बिघडवते.

पडलेल्या किंवा मुळात न आलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट, म्हणजे हाडात रोवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात, बसवतानाही हेच पथ्य. तो स्क्रू हाडाला जखडलेला असतो. किशोरवयात बसवला तर शेजारचे दात वाढत्या हाडाबरोबर खाली उतरत राहतात आणि इम्प्लांट आहे तिथेच राहतो. काही वर्षांत तो दात आखूड दिसायला लागतो. तोवर तात्पुरता दात वापरणं बरं.

विशीनंतरही चेहरा अगदी बारीक प्रमाणात बदलत राहतो, आणि वयानुसार खालच्या पुढच्या दातांत थोडी दाटी होणं सामान्य आहे, ज्यांनी कधी तारा लावल्या नाहीत त्यांच्यातही. पुष्कळ जण याचा दोष अक्कलदाढेला देतात. पण तसा पुरावा नाही आणि केवळ त्यासाठी ती काढू नये. तारा निघाल्यावर दिलेला रिटेनर, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारं साधन, याचसाठी असतो. डॉक्टर तो वर्षानुवर्षं रात्री घालायला सांगत असतील तर ते जादा सांगत नाहीत.